हिरव्या राणीचा फाटका मुखवटा

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी फाटलेला आहे. कपाळापासून हनुवटीपर्यंत, सरळ. बाकीच्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगतात, शेवटी कुठेतरी मोडतात, गंजतात, आणि मग तुमच्या डोळ्यांतून दोन थेंब काढतात. माझ्यासाठी रडू नका. मला फाडलं तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस होता. त्या दिवसाची मी कितीतरी वर्षं वाट बघत होतो.

मी रबराचा मुखवटा. रंग हिरवा, गालांवर खवले, डोक्यावर मागे वळलेली दोन शिंगं. तुमच्या आईबाबांना विचारा, त्यांना मी आठवेन. ताऱ्याताऱ्यांमधून भटकणाऱ्या एका जहाजाची मालिका टीव्हीवर लागायची. त्यातल्या हिरव्या राणीचं तोंड म्हणजे मी. मी पडद्यावर आलो की मुलं उशीमागे लपायची. पुढे राणी जहाजवाल्यांची मैत्रीण झाली, मग तीच मुलं तिला काही झालं की जेवायची नाहीत.

पण ही कहाणी माझी कमी आणि माझ्या आत जी होती तिची जास्त.

ती समुद्रापलीकडून आलेली. बरोबर म्हातारी आई आणि एक पेटी. तिच्या देशात ती नाटकात काम करायची, लोक तिकिटासाठी भांडायचे. इथे कुणाला त्याचं काय. इथे ती एका लाँड्रीत इस्त्री करायची आणि सुट्टी मिळाली की टीव्हीच्या स्टुडिओत चाचणी द्यायला जायची. कामं मिळत नव्हती असं नाही. कौटुंबिक मालिकेत मोलकरीण. दार उघडून "मला काही माहीत नाही" म्हणणारी परदेशी शेजारीण. इस्पितळाच्या खाटेवरची बाई, जी पहिल्याच भागात जाते. तिची आई म्हणायची, "बाळ, तू मरतेस फार छान. पण जरा उशिरा मर ना, चार पैसे तरी सुटतील."

अडचण एकच होती, तिचं बोलणं. इथली भाषा ती झटून शिकली होती. शब्द बरोबर असायचे, पण त्यांची चाल घरची असायची. वाक्याच्या शेवटी तिचा आवाज वर जायचा, जणू प्रत्येक गोष्ट ती विचारतेच आहे. स्टुडिओत सगळे तिला पाहुणी म्हणायचे. प्रेमानेच म्हणायचे. पण मित्रांनो, एखाद्याला वर्षानुवर्षं पाहुणी म्हणत राहा, म्हणजे कळेल ते प्रेम कसं टोचतं.

त्या जहाजाच्या मालिकेत तिला शास्त्रज्ञाची भूमिका हवी होती. तिने रात्रंदिवस पाठ केलं, चाचणी दिली. मालिकेचा निर्माता समोर बसला होता. सगळे त्याला साहेब म्हणायचे, म्हणून मीही म्हणतो, नाहीतर माझ्याकडे त्याच्यासाठी दुसरे शब्द आहेत. साहेब हसला. म्हणाला, तुमचं बोलणंच दुसऱ्या ग्रहावरचं आहे, मग शास्त्रज्ञ कशाला, राणीच व्हा. तिला वाटलं कौतुक केलं. घरी जाऊन आईला मिठी मारली.

मग माझा जन्म झाला.

मुखवटा बनवतात कसा, माहितीये? आधी माणसाच्या चेहऱ्यावर ओलं प्लास्टर थापतात. श्वासाला नाकात दोन नळ्या. प्लास्टर सुकलं की चेहऱ्याचा साचा तयार होतो, आणि त्या साच्यावर माझ्यासारख्याला घडवतात. म्हणून असा मुखवटा ज्याचा असतो त्याचाच असतो. चपलेसारखा तो दुसऱ्याच्या अंगी लागत नाही, नीट बसतच नाही.

आमचे मुखवटेवाले काका स्वभावाने मऊ. त्यांनी तिला आडवं झोपवलं आणि समजावलं, "पोरी, आता हसायचं नाही, बोलायचं नाही. जीव गेला तरी तोंड हलवायचं नाही." ती तशी निश्चल पडली. प्लास्टर सुकत होतं. तेवढ्यात साहेब दोन पाहुण्यांना स्टुडिओ दाखवत तिथे आला. थांबला, तिच्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "बघा, तोंड बंद असलं की कशी छान दिसते."

पाहुणे हसले. तिला हलायचं नव्हतं, ती हलली नाही. तिने फक्त दात आवळले.

आणि प्लास्टर तसंच सुकलं.

पुढे लोकांनी राणीच्या त्या जबड्याचं फार कौतुक केलं. काय तो ताठा, काय ती जरब, मुखवट्यात असा भाव आणला कसा. काका नुसती मान डोलवायचे. मी तुम्हाला सांगतो कसा आणला. माझा जन्मच दातओठ खात झाला.

कामाचे दिवस आले. रोज पहाटे काका मला तिच्या डोक्यावरून ओढून बसवायचे, मागची फीत आवळायचे, मग डोळ्यांच्या आणि ओठांच्या कडेला डिंक लावायचे, कपाळावर आणि गालांवर बोटं दाबायचे. संध्याकाळी तेलाचे बोळे लावून तो डिंक हळूहळू सोडवायचे. घाई केली तर कातडी निघेल किंवा मी फाटेन. आत प्रचंड उकडायचं. तिचा घाम माझ्या हनुवटीत साचायचा, ती मान वाकवून तो ओतून टाकायची आणि पुन्हा उभी राहायची. शिंगांच्या वजनाने मान वळवता येत नसे, म्हणून तिने राणीची चाल बसवली. मान स्थिर, खांदे स्थिर, फक्त पाय चालतात, जणू कुणी ओढून नेतंय. गल्लोगल्ली पोरं तसं चालायला लागली.

काही भाग दाखवून झाल्यावर तिला कळलं की टीव्हीवरचा राणीचा आवाज तिचा नाही. साहेबाने दुसऱ्याच एका बाईला बसवून सगळे संवाद पुन्हा बोलून घेतले होते. ती विचारायला गेली. साहेब कागद चाळत म्हणाला, "अगं, तुझे उच्चार लोकांना झेपत नाहीत. तू नुसते ओठ हलव. आकडे म्हणालीस तरी चालेल." तिने विचारलं, निदान माझं नाव तरी देणार ना शेवटी, पाट्यांमध्ये? साहेब म्हणाला, "बघू."

तो शब्द लक्षात ठेवा. साहेबाला नाही म्हणायची कधी गरजच पडली नाही. तो बघू म्हणायचा आणि बघायचा नाही.

दुसऱ्या दिवशी चित्रीकरण सुरू झालं. राणीला म्हणायचं होतं की, हे परक्यांनो, माझ्या ग्रहावर तुमचं स्वागत असो. तिने हात पसरले, मान ताठ ठेवली आणि तिच्या स्वतःच्या भाषेत अगदी शांतपणे म्हणाली की, त्या खुर्चीवर बसलेल्या बोक्याच्या डोक्यावर कुणीतरी बादली उपडी करा रे.

कुणालाच काही कळलं नाही. दिग्दर्शकाने वा म्हटलं. साहेबाने अंगठा वर केला.

मित्रांनो, आतून मी इतका थरथरलो की उजवं शिंग डुललं. त्या दिवसापासून आमची दोस्ती झाली. तह करताना, युद्ध पुकारताना, मरणाऱ्या शिपायाचा हात हातात घेऊन, राणी साहेबाची सालटी काढायची. त्याच्या सात पिढ्या, त्याची टाय, त्याचं टक्कल, सगळं. आणि घरी तिची आई टीव्हीचा आवाज पार बंद करून, पडद्याला नाक लावून माझे ओठ वाचायची आणि हसून हसून पदराला डोळे पुसायची. जगभर राणीचं भाषण ऐकून लोक गहिवरायचे. खरं भाषण फक्त ती म्हातारी बघत होती.

पण हसण्यावर माणूस किती दिवस काढणार. मालिका संपत आली होती. लेखकाने शेवट असा लिहिला की राणीच्या लोकांनी युद्ध संपेपर्यंत हिरवा चेहरा चढवलेला असतो, आणि शेवटच्या भागात राणी तो उतरवते. आत कोण आहे ते सगळ्यांना दिसतं. राणी फक्त एवढंच म्हणते, "हा माझा चेहरा."

पोरांनी पत्रांचा पाऊस पाडला. राणी आतून कशी आहे? साहेबाने तिला बोलावलं. या वेळी बघू म्हणाला नाही. तिच्या डोक्यावर, म्हणजे माझ्या शिंगांवर हात ठेवून म्हणाला, तुझाच चेहरा दाखवणार, शब्द देतो.

तिने तो शब्द घरी नेला. आईने तो समुद्रापलीकडे नेला. फोन करून करून भाऊ, वहिन्या, पुतणे, जुनी शेजारीण, नाटक कंपनीचा मॅनेजर, सगळ्यांना सांगितलं की अमुक दिवशी टीव्हीसमोर बसा, हिरवी राणी म्हणजे आमची मुलगी, आता दिसेल तुम्हाला.

शेवटचं दृश्य. तिने हात हनुवटीला नेला आणि दिग्दर्शकाने थांबायला सांगितलं. पुढचा भाग वेगळा घ्यायचा होता, कारण डिंक सोडवायला वेळ लागतो. काकांनी मला हळूहळू उतरवलं. तिने तोंड धुतलं, केस नीट विंचरले, ओठांना थोडासा रंग लावला आणि खुर्चीत सरळ बसून राहिली, बोलावण्याची वाट बघत.

समोरून राणीचाच झगा घातलेली एक तरुणी आली. साहेबाची मेहुणी. बायकोची धाकटी बहीण. गोड चेहरा, चुरचुरीत बोलणं. मला उचलून तिच्या हातात दिलं, जणू तिनेच मला आत्ता काढलंय. कॅमेरा सुरू झाला. मेहुणीने केस उडवले, हसली आणि म्हणाली, "हा माझा चेहरा."

मी तिच्या हातात लोंबत होतो आणि मला खुर्ची दिसत होती. तिथे ती तशीच बसलेली, केस विंचरून.

कुणी तिला सांगितलंच नव्हतं. सगळ्यांना वाटलं दुसऱ्या कुणीतरी सांगितलं असेल. साहेब जाता जाता तिच्याजवळ थांबला, म्हणाला, मनाला लावून घेऊ नको, पाहुणी, लोकांना शेवटी काहीतरी बघण्यासारखं लागतं.

मेहुणीच्या तळव्यांना दुसऱ्या दिवशी पुरळ उठलं. डॉक्टर म्हणाले रबराची ॲलर्जी. मी एवढंच सांगतो की मी माझ्याकडून प्रयत्न केला होता.

तो भाग लागला तेव्हा समुद्रापलीकडे सगळे टीव्हीसमोर बसले होते. मग फोन आला. वहिनी होती. म्हणाली, वन्सं, सुंदर होती हो राणी, पण तुमची मुलगी कुठे होती? आई म्हणाली, तीच होती, त्या हिरव्याच्या आत तीच होती, शेवटची तेवढी दुसरी. मग वहिनी अगदी मायेने म्हणाली, "असू दे हो. परक्या मुलखात माणूस काहीबाही बोलतं. आम्ही समजू शकतो."

त्या मायेने म्हातारी खचली. कुणी खोटारडी म्हटलं असतं तर भांडली असती. त्यानंतर तिने घरी फोन करणं सोडलं. सणासमारंभालाही नाही, भाऊ गेला तेव्हाही नाही. म्हणायची, मी काही सांगितलं तर त्यांना वाटेल हेही तसंच.

माझ्या बाईला स्वतःचा अपमान एक वेळ पचला असता. आई खोटी पडली, ते मात्र तिच्या घशात अडकून बसलं. आणि माझ्याही.

आता माझे वाईट दिवस. साहेबाने मला त्याच्या ऑफिसात नेलं आणि खिडकीत एका लाकडी ठोकळ्यावर बसवलं. शोभेला. मित्रांनो, रबराला ऊन म्हणजे विष. आम्हाला पावडर लावून, अंधाऱ्या थंड कपाटात ठेवावं लागतं. काका दोनदा सांगायला आले. साहेब म्हणाला, बघू. दुपारभर ऊन माझ्या कपाळावर. तो माझ्या शिंगाला टोपी अडकवायचा. एकदा बोलता बोलता सिगारेट माझ्या कानामागे विझवली, ते भोक अजून आहे. हळूहळू माझं कपाळ कडक झालं, आणि मधोमध केसाएवढी भेग पडली. मी ती भेग वाढताना रोज अनुभवत होतो. दुखायचं. पण त्याच खिडकीत बसून मी साहेबाचं सगळं बोलणं ऐकत होतो, आणि मनात ठेवत होतो. रबर कितीही ताणलं तरी मूळ जागी परत येतं. आमचा स्वभावच आहे तो.

मध्ये एकदा गोदाम रिकामं करताना साहेबाने माझा साचा, तिच्या चेहऱ्याचा साचा, फोडून कचऱ्यात टाकायला लावला. जागा अडते म्हणे. हे त्याला पुढे महागात पडणार होतं.

तिकडे ती थांबली नव्हती. कोर्टावरच्या एका गंभीर मालिकेत तिला दुभाषी बाईचं छोटं काम मिळालं. आरोपी परदेशी, त्याचं म्हणणं हिने न्यायाधीशांना सांगायचं. दिग्दर्शिका बाई होती, तिने पहिल्याच दिवशी सांगितलं की आवाज तुमचाच राहणार, वाक्याच्या शेवटी वर जातो ना, जाऊ दे. लोकांनी ऐकलं आणि त्यांना झेपलं. चांगलंच झेपलं. दुभाषी बाईच्या वाट्याला आधी दोन वाक्यं, मग एक प्रसंग, मग अख्खा भाग आला. भाजी घेताना बायका तिला थांबवून सांगायच्या, तुम्ही त्या मुलाची साक्ष सांगताना रडलात तेव्हा आम्हीपण रडलो.

पण राणीचं काय? एकदा तिच्या इमारतीच्या जिन्यात एक चिमुरडी पुठ्ठ्याची शिंगं लावून, मान ताठ धरून चालत होती. हिने कौतुकाने सांगितलं, ही चाल मी बसवली बरं का, मीच होते राणी. पोरीने तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. "खोटं नका बोलू हं मावशी. शेवटी दिसली होती राणी. ती तुमच्यासारखी नाही." आणि ताठ मानेने वर निघून गेली.

तीच चाल. तिच्यासमोरून.

बऱ्याच वर्षांनी मालिकेचा मोठा सोहळा ठरला. टीव्हीवर थेट दाखवणार होते. तेव्हाची पोरं आता बाप्ये झालेली, त्यांनी सभागृहाची तिकिटं केव्हाच संपवली. लोकांना एकच हवं होतं, राणीने रंगमंचावर यावं आणि समोर मुखवटा उतरवावा. मेहुणी एवढी वर्षं राणी म्हणून सह्या देत होती, दुकानांची उद्घाटनं करत होती. पण मला चढवायचं कुणी? नवा मुखवटा बनवावा तर मेहुणीचा प्लास्टरखाली जीव गुदमरायला लागला, ती किंचाळत उठली. जुना साचा साहेबानेच फोडलेला. म्हणून एका नर्तकीच्या डोक्यावर मला बसवून बघितलं. माझे डोळे तिच्या भुवयांवर, माझे ओठ तिच्या हनुवटीवर. बिचारी चार पावलं चालली आणि दिव्याच्या खांबाला धडकली. मी खूश.

शेवटी साहेब कोर्टाच्या मालिकेच्या सेटवर गेला. आता केस पिकले होते, काठी आली होती. त्याने योजना सांगितली. तू मुखवटा घालून ये, राणीच्या चालीने मध्यभागी ये, मग अंधार करू, त्या अंधारात तू पडद्यामागे जायचं आणि मेहुणीने तुझ्या जागी यायचं. दिवे लागतील तेव्हा तिच्या हातात दुसरा एखादा हिरवा तुकडा असेल, लांबून कुणाला कळतंय. जुन्या दिवसांसाठी एवढं कर. तिने विचारलं, माझं नाव घेणार का? साहेब म्हणाला, "बघू."

ती लगेच हो म्हणाली. इतक्या लगेच की साहेब दचकला.

आता साहेबाची चूक ऐका. माझ्या आतून नीट दिसत नाही, डोळ्यांच्या भोकांतून समोरचं हातभर दिसतं तेवढंच. त्यामुळे बाहेरून कुणी केलेली खूण तिला कळणार नाही, आणि ती भलत्या ठिकाणी असताना अंधार झाला तर आपटेल. म्हणून साहेबानेच ठरवलं, खूण तिने करायची. ती मध्यभागी पोहोचली की उजवा हात वर करेल. दिवेवाल्याला बजावलं, काहीही झालं तरी तिचा हात वर झाल्याशिवाय एकही दिवा घालवायचा नाही, कार्यक्रम थेट चाललाय. दिवेवाला हुकमाचा पक्का होता.

म्हणजे अंधार साहेबाने तिच्याच हातात दिला होता. मुखवटा ती एकटी काढू शकत नाही हे त्याला माहीत होतं, त्यामुळे त्याला भीती नव्हती. डिंक, तेल, अर्धा तास. जाणार कुठे?

सोहळ्याच्या दिवशी काकांना घरून बोलावून आणलं. हात कापत होते त्यांचे, पण डिंकाचा ब्रश धरला की थांबायचे. कितीतरी वर्षांनी मी तिच्या चेहऱ्यावर बसलो. तिचे गाल थोडे उतरले होते, पण जबडा तोच. अगदी तोच. आवळलेला.

काकांचं बोट माझ्या कपाळावरून फिरलं आणि भेगेवर थांबलं. म्हणाले, "पोरी, हा इथून गेलाय. जरा ताण पडला तरी फाटेल. भरून देऊ?"

तिने आरशातून त्यांच्याकडे बघितलं. "राहू द्या, काका."

काका तिच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. मग त्यांनी रबराच्या खळीचा डबा न उघडता परत पेटीत ठेवला. मागची फीतही त्यांनी आवळली नाही, नुसती अडकवली.

निवेदकाने तोंडभरून मेहुणीचं नाव घेतलं. सभागृह उभं राहिलं. आम्ही निघालो. मान स्थिर, खांदे स्थिर, फक्त पाय. लोक पुढे वाकून बघायला लागले, कारण ती चाल दुसऱ्या कुणाची असूच शकत नाही हे शरीराला कळतं. पडद्याच्या फटीत मेहुणी झगा सावरून तयार. साहेब बाजूला, काठीवर दोन्ही हात.

मध्यभागी ती थांबली. उजवा हात उचलायचा होता. तिने दोन्ही हात उचलले, पण कपाळापर्यंतच. दोन्ही अंगठे भेगेत घातले.

माझ्या आत तोंड होतं म्हणून मला ऐकू आलं. तिच्या भाषेत, अगदी हळू, ती मला म्हणाली, "चल रे, राजा."

मी म्हटलं, फाड.

मित्रांनो, आवाज झाला तो मी विसरणार नाही. भेगेतून नाक, नाकातून ओठ, ओठांतून हनुवटी. डिंकाने तिच्या गालांची सालं ओरबाडून घेतली, भुवयांचे केस गेले. मागची नुसती अडकवलेली फीत सुटली आणि मी दोन तुकडे होऊन तिच्या दोन हातांत आलो. आणि सगळे दिवे लखलखीत चालू होते. दिवेवाला हात वर व्हायची वाट बघत बसला होता.

चेहरा लालभडक, जागोजागी ओरखडे, केस घामाने चिकटलेले. म्हातारा होत चाललेला एका बाईचा चेहरा. सगळं सभागृह, आणि टीव्हीसमोरची घरंच्या घरं तिच्याकडे बघत होती. ती म्हणाली, "हा माझा चेहरा."

आवाज वाक्याच्या शेवटी वर गेला. जसा जायचा तसाच.

मग मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, अरे, ही तर कोर्टातली दुभाषी बाई. मग दुसरं कुणी म्हणालं, जबडा बघ, तोच आहे. मग टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेचनात. मेहुणी फटीत उभी होती. झगा तोच, पण तिच्याकडे बघायला कुणाची मान वळली नाही. तिची दया आली का? नाही. खोटं कशाला बोलू.

साहेब लंगडत मंचावर आला. कॅमेऱ्याकडे पाठ करून, दात विचकत पण आवाज खाली ठेवून तो तिला म्हणाला, माझी लाज काढलीस, मेहुणी तिथे उभी आहे, तिलाही आता पुढे बोलाव, आम्ही दोघी मिळून राणी होतो म्हण, तिचंही नाव घे.

तिने त्याच्याकडे नीट बघितलं. ओरखड्यातून एक रक्ताचा थेंब हनुवटीपर्यंत आला होता.

"बघू," ती म्हणाली.

आणि मला काखेत मारून ती चालत निघाली, राणीच्या चालीने, मान न वळवता. मुखवट्यांच्या खोलीत पोहोचल्यावर कुणीतरी मला परत मागायला आलं, हा कंपनीचा माल आहे म्हणून. काका दारात उभे राहिले आणि म्हणाले, फाटलेला माल कंपनी ठेवत नाही.

आता मी तिच्या घरी असतो. थंड कपाटात, पावडर लावून. कपाट उघडं असतं तेव्हा मला खोली दिसते. त्या दिवशी काय झालं ते मला म्हातारीनेच सांगितलं. तिने आयुष्यात पहिल्यांदा राणीसाठी टीव्हीचा आवाज सुरू केला होता, पूर्ण मोठा. आणि तिची मुलगी ते तीन शब्द बोलली तशी ती उठली, फोनजवळ खुर्ची ओढली आणि जुनी वही न बघता नंबर फिरवला, कारण एवढी वर्षं तो तिच्या बोटांत होता.

वहिनीने फोन उचलला. म्हातारी नमस्कार म्हणाली नाही, कशी आहेस विचारलं नाही.

"टीव्ही लाव," ती म्हणाली. "आणि आवाज मोठा ठेव."

मग पुतण्याला. मग जुन्या शेजारणीला. मग नाटक कंपनीच्या मॅनेजरच्या मुलाला, कारण मॅनेजर आता नव्हता. सगळ्यांना तेच वाक्य. कुणाचं ऐकूनही घेत नव्हती. आजही कुणाचा फोन आला आणि माझा विषय निघाला नाही, तर ती स्वतःहून काढते.

तेव्हा मित्रांनो, वस्तू नीट ठेवा. हे माझं कळकळीचं सांगणं आहे. रबराला उन्हात ठेवू नका, सिगारेट लावू नका, आणि कुणाच्या चेहऱ्याचा साचा जागा अडते म्हणून फोडू नका. साहेबाने मला साध्या कपाटात ठेवलं असतं ना, तर मी तिच्या हातांनी सात जन्मांत फाटलो नसतो. त्याने मला तिच्यासाठी वर्षभर नाही, वर्षानुवर्षं खिडकीत बसवून मधोमध फाटायला तयार करून ठेवलं. कुणाला जपायचं नसेल तर निदान एवढं लक्षात ठेवा, आम्हाला भेग पडते ती तुमच्या समोरच पडते, आणि आम्ही ती भरून मागत नाही.